लोहाराचा मुलगा : मायकेल फॅरडे

(मोटारगाडी चालू असताना तिची बॅटरी आपोआप भरत असते. हे काम अल्टरनेटर नावाचे यंत्र करते. ज्या तत्त्वावर हे यंत्र चालते, ते तत्त्व इंग्लंडमधील मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली शोधून काढले. गरीब घरातील, फारसे शिक्षण न मिळालेला हा मुलगा एवढा मोठा शास्त्रज्ञ कसा झाला, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, मोटार दुरुस्तीच्या गॅरेजसमोरून तुम्ही अनेकदा गेला असाल. एखाद्या दिवशी तेथे थोडा वेळ थांबून पाहा. समजा, एक टॅक्सीवाला आपली टॅक्सी ढकलत आणतो. गाडी सुरू होत नाही. दिवे मंद झाले आहेत. हॉर्नचा आवाज बसला आहे. टॅक्सीवाल्याची खात्री आहे की बॅटरी खराब झाली. नवी बॅटरी बसवून द्या, असे तो सांगतो. पण जाणता मिस्त्री लगेच नवी बॅटरी बसवत नाही. तो आधी तपासतो.

तो बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावतो. चांगल्या भरलेल्या बॅटरीवर मीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो. येथे काटा त्याच्या बराच खाली आहे. म्हणजे बॅटरी उतरली आहे. पण ती खराब झाली म्हणून उतरली, की तिला कोणी भरलेच नाही म्हणून उतरली? मिस्त्री दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून इंजिन सुरू करतो, तारा काढतो आणि पुन्हा मीटर पाहतो. बॅटरी भरत असेल, तर काटा १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास जायला हवा. तो वर चढतच नाही. याचा अर्थ, बॅटरी भरली जात नाही.

आता तो इंजिन बंद करून अल्टरनेटरचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहतो. पट्टा सैल नाही. मग तो किल्ली फिरवून समोरचा लाल दिवा पाहतो. किल्ली फिरवताच हा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. या टॅक्सीत तो लागतच नाही. दिवाच गेला असेल का? मिस्त्री अल्टरनेटरवरून त्या दिव्याची तार सोडवतो आणि तिचे टोक गाडीच्या लोखंडाला टेकवतो. दिवा लागतो! म्हणजे दिवा चांगला, तारही चांगली. दोष अल्टरनेटरच्या आत आहे. तो उघडल्यावर दिसते की आतले कार्बनचे दोन छोटे ब्रश झिजून गेले आहेत. थोड्या पैशांत ते बदलता येतात. तपासल्याशिवाय नवी बॅटरी बसवली असती, तर तीही एकदोन दिवसांत उतरली असती आणि गरीब टॅक्सीवाल्याचे पैसे फुकट गेले असते.

मुलांनो, त्या छोट्या ब्रशांमुळे एवढी मोठी गाडी का अडली, हे आपण पाठाच्या शेवटी पाहू. त्यासाठी आधी आपल्याला दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडन शहरात जावे लागेल. अल्टरनेटरचे मूळ तेथे आहे. ज्या माणसाने ते शोधले, तो कॉलेजात गेला नव्हता. त्याला गणितही फारसे येत नव्हते. पण त्या मिस्त्रीची सवय त्याला लहानपणापासून होती. स्वतः तपासून पाहिल्याशिवाय तो कोणतीही गोष्ट खरी मानत नसे.

मायकेल फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ न्यूइंग्टन येथे झाला. आज ती वस्ती लंडन शहरातच मोडते. त्याचे वडील जेम्स लोहारकाम करत. ते वारंवार आजारी पडत. ज्या दिवशी त्यांना भट्टीपुढे उभे राहता येत नसे, त्या दिवशी घरात मजुरी येत नसे. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये धान्य फार महाग झाले होते. त्या दिवसांत आई मायकेलला एक पाव देई आणि तो त्याला आठवडाभर पुरवून खावा लागे, असे सांगतात. शाळेत तो लिहिणे, वाचणे आणि थोडेसे हिशेब एवढेच शिकला.

तेरा वर्षांचा झाल्यावर मायकेल कामाला लागला. रीबो नावाचे एक फ्रेंच गृहस्थ लंडनमध्ये पुस्तकांचे दुकान चालवत. त्यांच्याकडे तो वर्तमानपत्रे पोहोचवू लागला. तेव्हा वर्तमानपत्र महाग असे. लोक ते भाड्याने घेऊन वाचत. मायकेल एका घरी पत्र देई, ठरलेल्या वेळी परत आणी आणि दुसऱ्या घरी नेऊन देई. मुलगा प्रामाणिक आहे, हे मालकाने वर्षभरात ओळखले. त्याने मायकेलला पुस्तकबांधणीच्या कामात उमेदवार म्हणून घेतले आणि त्याबद्दल नेहमीची फी मागितली नाही. ही उमेदवारी सात वर्षांची होती.

दुकानात बांधणीसाठी नाना प्रकारची पुस्तके येत. मायकेल दिवसा त्यांना दोरा आणि सरस लावी आणि काम संपल्यावर तीच पुस्तके उघडून वाची. एका विश्वकोशात त्याला विजेवरचा लेख मिळाला. जेन मार्सेट या बाईंनी सोप्या भाषेत लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तकही त्याच्या हाती पडले. तुम्ही आम्ही वाचतो आणि पान उलटतो. मायकेल तसे करत नसे. पुस्तकात लिहिले आहे ते खरे आहे का, हे तो पाहू लागे. आठवड्याला वाचवलेल्या चार पैशांत मिळेल ते सामान आणून तो छोटे प्रयोग करी. एकदा त्याने तांब्याची सात नाणी आणि त्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या घेतल्या. मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद मध्ये ठेवून त्यांची चळत रचली. तिच्यातून वीज मिळाली. ही त्याची घरी केलेली बॅटरीच होती.

संध्याकाळी गावात विज्ञानावर व्याख्याने होत. एका व्याख्यानाला एक शिलिंग द्यावा लागे. मायकेलजवळ तो कोठून असणार? मोठा भाऊ रॉबर्ट हाही लोहारकाम करत होता. त्याने आपल्या कमाईतून धाकट्या भावाला शिलिंग दिले. मायकेल प्रत्येक व्याख्यान लिहून काढी आणि त्यात आकृत्या काढी. १८१० साली वडील वारले. मुलाचे पुढचे दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्याच्या या वह्या पाहून दुकानातील एक गिऱ्हाईक खूश झाले. त्या काळी रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत हंफ्री डेव्ही या प्रसिद्ध शास्त्रज्ञांची व्याख्याने होत असत. ती ऐकायला लंडनचे बडे लोक गर्दी करत. १८१२ साली त्या गिऱ्हाइकाने मायकेलला डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. वरच्या सज्जात बसून त्याने प्रत्येक शब्द कान देऊन ऐकला. घरी येऊन सर्व टिपणे नीट लिहिली, आकृत्या काढल्या. सुमारे तीनशे पानांचा तो मजकूर त्याने स्वतःच्या हाताने बांधला आणि डेव्हींना पाठवून दिला. सोबत चिठ्ठी लिहिली की मला विज्ञानाचे कोणतेही काम द्या.

डेव्हींनी त्याला भेटीस बोलावले. पण त्यांच्याकडे जागा नव्हती. विज्ञानात पैसा नाही, तू तुझा धंदा सोडू नकोस, असा सल्ला त्यांनी दिला. थोड्याच दिवसांनी संस्थेतील एका मदतनिसाने भांडण केले आणि त्याला काढून टाकण्यात आले. डेव्हींना त्या पुस्तक बांधणाऱ्या मुलाची आठवण झाली. १ मार्च १८१३ रोजी मायकेल प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून रुजू झाला. पगार आठवड्याला २५ शिलिंग आणि राहायला संस्थेच्या माळ्यावर दोन खोल्या. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या प्रवासाला निघाले. त्यांचा नोकर ऐनवेळी आला नाही, म्हणून नोकराची कामेही फॅरडे यांना करावी लागली. डेव्हींच्या पत्नी त्यांना नोकरासारखेच वागवत. अपमान झाला की त्यांना घरी परतावेसे वाटे. पण या प्रवासात मोठमोठे शास्त्रज्ञ भेटत होते. फ्रान्समध्ये अँपिअर भेटले, इटलीत व्होल्टा भेटले. आपल्या मिस्त्रीच्या मीटरवर व्होल्ट आणि अँपिअर हे शब्द असतात ना? ते याच दोघांच्या नावांवरून आले आहेत. शिकायला मिळते आहे, तोवर अपमान सोसायचा, असे फॅरडे यांनी ठरवले. दीड वर्षाने, १८१५ साली ते परतले.

पुढे १८२० साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड या शास्त्रज्ञांना एक नवलाची गोष्ट दिसली. तारेतून वीज वाहू लागली की जवळची होकायंत्राची सुई हलते. म्हणजे वीज चुंबकासारखे काम करते! युरोपभर या गोष्टीची चर्चा सुरू झाली. फॅरडे यांनी आपल्या सवयीप्रमाणे लोकांनी केलेले सारे प्रयोग स्वतः करून पाहिले. १८२१ च्या सप्टेंबरात त्यांनी एका भांड्यात पारा भरला, मध्ये चुंबक उभे केले आणि वरून एक तार लोंबती सोडली. तारेतून वीज सोडताच ती चुंबकाभोवती गोल गोल फिरू लागली. विजेने एखादी वस्तू सतत फिरवण्याचा हा पहिला प्रयोग होता. विजेच्या मोटारीचा उगम तो हाच.

पण आनंदाबरोबर दुःखही आले. वोलस्टन नावाचे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ अशाच प्रश्नावर विचार करत होते. फॅरडे यांनी आपला निबंध घाईने छापला आणि त्यात वोलस्टन यांचे नाव घ्यायचे राहून गेले. लगेच कुजबुज सुरू झाली की या पोराने दुसऱ्याची कल्पना चोरली. विचार करा, मुलांनो. ज्याच्याजवळ पदवी नाही, पैसा नाही, मोठे घराणे नाही, त्याच्याजवळ फक्त प्रामाणिकपणा असतो. त्यावरच डाग पडला तर त्याने काय करावे? फॅरडे यांनी उलट आरोप केले नाहीत. ते स्वतः वोलस्टन यांना भेटले आणि आपण काय केले ते सांगितले. वोलस्टन यांनी येऊन प्रयोग पाहिले. त्यांचा राग राहिला नाही. डेव्हींच्या मनातील अढी मात्र गेली नाही. १८२४ साली फॅरडे यांना रॉयल सोसायटीचे सभासद करण्याचा प्रश्न आला, तेव्हा डेव्हींनीच विरोध केला. तरीही फॅरडे निवडून आले. विरुद्ध एकच मत पडले. या सर्व प्रकारानंतरही फॅरडे यांनी आपल्या गुरूचे उपकार कधी नाकारले नाहीत.

आता फॅरडे यांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. विजेपासून चुंबक बनते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? १८२४, १८२५ आणि १८२८ साली त्यांनी प्रयोग केले. वीज मिळाली नाही. प्रत्येक वेळी त्यांनी आपल्या रोजनिशीत अपयश स्पष्ट लिहून ठेवले. ते लपवले नाही आणि प्रश्न सोडूनही दिला नाही.

इतर लोकही याच प्रश्नाच्या मागे होते. जिनिव्हा शहरात कोलाडोन नावाच्या शास्त्रज्ञाने १८२५ साली तारेचे मोठे वेटोळे घेऊन त्यात चुंबक सरकवले. वीज आली तर ती दाखवणारी सुई चुंबकामुळेच हलू नये, म्हणून त्याने ती शेजारच्या खोलीत ठेवली होती. चुंबक सरकवून तो चालत दुसऱ्या खोलीत जाई. सुई स्थिर दिसे. खरे तर चुंबक हलत असताना सुई हलली होती आणि तो पोहोचेपर्यंत पुन्हा जागेवर आली होती. शोध त्याच्या घरात येऊन गेला, पण त्या क्षणी तो तेथे नव्हता!

अखेर २९ ऑगस्ट १८३१ हा दिवस उजाडला. फॅरडे यांनी लोखंडाचे सुमारे सहा इंच व्यासाचे एक कडे घेतले. त्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेटोळे गुंडाळले आणि दुसऱ्या बाजूला दुसरे. दोन्ही वेटोळी एकमेकांना कोठेही चिकटली नव्हती. एका वेटोळ्याच्या तारेजवळ त्यांनी चुंबकाची सुई ठेवली. दुसरे वेटोळे बॅटरीला जोडले. जोडताच सुई हलली आणि लगेच स्थिर झाली. बॅटरी जोडलेली होती, वीज वाहत होती, पण सुई स्वस्थ होती. बॅटरी काढताच सुई पुन्हा हलली. त्यांनी हे पुन्हा पुन्हा करून पाहिले. प्रत्येक वेळी तेच झाले.

दुसऱ्या कोणी म्हटले असते की सुई क्षणभर हलली, त्यात काय? फॅरडे यांनी तो क्षणच धरून ठेवला. १७ ऑक्टोबरला त्यांनी कागदाच्या पोकळ नळीवर तांब्याची तार गुंडाळली आणि तिची टोके गॅल्व्हानोमीटरला जोडली. मग चुंबकाची कांडी झटकन नळीत घातली. काटा हलला. कांडी आत तशीच राहू दिली. काटा थांबला. कांडी बाहेर ओढली. काटा उलट्या बाजूला हलला. आता बॅटरीची गरजच उरली नव्हती. नुसते चुंबक हलवून वीज मिळाली होती!

एवढ्या वर्षांची चूक कोठे होती, ते आता कळले. सर्वजण चुंबक तारेजवळ ठेवून वाट पाहत बसत. स्वस्थ बसलेल्या चुंबकापासून वीज मिळत नाही. चुंबक हलले पाहिजे किंवा तार हलली पाहिजे. तारेभोवतीची चुंबकाची शक्ती जोवर बदलत असते, तोवरच तारेत वीज निर्माण होते. बदल थांबला की वीजही थांबते.

मग वीज सतत हवी असेल तर? हलवणे सतत चालू ठेवले पाहिजे आणि त्यासाठी फिरवण्यासारखा सोपा मार्ग नाही. २८ ऑक्टोबर १८३१ रोजी फॅरडे यांनी एका मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची सुमारे बारा इंचांची तबकडी ठेवून ती फिरवली. तबकडी फिरत होती तोवर वीज वाहत राहिली. हा जगातील पहिला डायनॅमो. २४ नोव्हेंबर रोजी हा शोध रॉयल सोसायटीपुढे वाचण्यात आला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सी नावाच्या कारागिराने तारेच्या वेटोळ्यांसमोर चुंबक फिरवणारे यंत्र केले. ते हाताने फिरवावे लागे. त्यातून येणारी वीज अर्ध्या फेऱ्यात एका दिशेने आणि अर्ध्या फेऱ्यात उलट दिशेने वाहत असे. ही गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला ती पुढे लागणार आहे.

फॅरडे येथे थांबले नाहीत. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांतून वीज सोडली तर काय होते, याचे नियम त्यांनी शोधले. १८३४ साली त्यांनी इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट असे नवे शब्द वापरात आणले. मोटारीच्या बॅटरीत तेजाबाचे जे पाणी असते, त्याला आजही इलेक्ट्रोलाइटच म्हणतात.

रात्रंदिवस काम करून त्यांची तब्येत ढासळली. १८४० च्या सुमारास त्यांचे डोके दुखू लागले, चक्कर येऊ लागली. सर्वांत वाईट म्हणजे स्मरणशक्ती दगा देऊ लागली. शास्त्रज्ञाला आपलाच कालचा प्रयोग आठवू नये, याहून मोठे संकट कोणते? पत्नी सारा हिने त्यांना सांभाळले. काही काळ त्यांनी काम बंद ठेवले. पण येथे त्यांची जुनी सवय कामी आली. ते प्रत्येक प्रयोग रोजनिशीत लिहीत आणि प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक देत. हे क्रमांक अखेर सोळा हजारांच्या वर गेले. जे डोक्यात राहत नव्हते, ते वहीत राहिले. १८४५ साली त्यांनी पुन्हा एक मोठा शोध लावला. चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो, हे त्यांनी दाखवले.

फॅरडे यांचे मुलांवर फार प्रेम होते. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने होत. फॅरडे यांनी एकोणीस वर्षे ती दिली. साध्या मेणबत्तीवर त्यांनी दिलेली व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. एकेकाळी एका शिलिंगासाठी भावापुढे हात पसरणारा मुलगा आता शेकडो मुलांना विज्ञान शिकवत होता.

आता त्यांच्या म्हातारपणाची एक गोष्ट ऐका. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील दीपगृहांचे काम पाहणाऱ्या संस्थेचे ते सल्लागार होते. जहाजे खडकांवर आपटू नयेत म्हणून दीपगृहाचा दिवा रात्रभर जळावा लागतो. पूर्वी हे दिवे तेलाचे असत. होम्स नावाच्या संशोधकाने फॅरडे यांच्याच तत्त्वावर वाफेच्या इंजिनाने फिरणारे एक मोठे यंत्र तयार केले. डिसेंबर १८५८ मध्ये डोव्हरजवळच्या साउथ फोरलँड दीपगृहात त्या यंत्रावर विजेचा दिवा लावून पाहण्यात आला. हे यंत्र भरवशाचे आहे का, हे ठरवण्याचे काम फॅरडे यांच्याकडे होते.

फेब्रुवारी १८६० मध्ये ते पाहणीसाठी निघाले. वाटेत हिमवादळ झाले. रेल्वेगाडी अडकता अडकता वाचली. दीपगृहाचे रस्ते बर्फाने बंद झाले होते, म्हणून त्यांना लंडनला परतावे लागले. त्यांचे वय तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. यंत्र आपल्याच शोधावर चालते, ते बरोबरच चालत असेल, असे म्हणून त्यांना घरी बसता आले असते. पण त्याच आठवड्यात ते पुन्हा निघाले. रस्ते अजून बंदच होते. तेव्हा हा म्हातारा रात्रीच्या वेळी कुंपणे आणि भिंती ओलांडत, बर्फाने भरलेल्या शेतांतून चालत दीपगृहापर्यंत पोहोचला. त्यांनी आवश्यक ती चौकशी केली आणि यंत्राचे काम स्वतः पाहिले. जहाजांवरील माणसांचे प्राण त्या दिव्यावर अवलंबून होते. अशा वेळी ऐकीव माहितीवर सही करणे त्यांना मान्य नव्हते.

फॅरडे यांना मोठेपणाची हाव नव्हती. भरपूर पैसा देणारी कामे त्यांनी संशोधनासाठी सोडली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले, ते त्यांनी घेतले नाही. सर ही पदवीही नाकारली. १८५८ साली व्हिक्टोरिया राणीने त्यांना हॅम्प्टन कोर्ट येथे राहायला घर दिले. तेथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी खुर्चीत बसले असताना त्यांना शांतपणे मृत्यू आला. हायगेट येथील दफनभूमीत त्यांची साधी कबर आहे.

फॅरडे यांना जे गणितात मांडता आले नाही, ते मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने गणितात मांडले. १८८१ साली पॅरिसच्या परिषदेत विजेच्या एका मापाला फॅरडे यांच्या नावावरून फॅरड असे नाव देण्यात आले. कंडेन्सरवर हे माप लिहिलेले असते.

आता आपण पुन्हा गॅरेजमध्ये येऊ. मिस्त्रीने उघडलेला तो अल्टरनेटर पाहा. मध्यभागी एक फिरणारा भाग आहे. त्याला रोटर म्हणतात. त्यावर तारेचे वेटोळे आहे. त्यातून थोडी वीज सोडली की रोटर चुंबक बनतो. ही ओर्स्टेड यांची गोष्ट. भोवती स्टेटर नावाचा भाग आहे. त्यावरही तांब्याची वेटोळी आहेत. इंजिनाच्या पट्ट्याने रोटर फिरू लागला की या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. ही फॅरडे यांची गोष्ट. पिक्सीच्या यंत्राप्रमाणे येथेही वीज सारखी दिशा बदलते. अशा विजेने बॅटरी भरत नाही. म्हणून डायोड नावाचे छोटे भाग बसवलेले असतात. ते विजेला एकाच दिशेने जाऊ देतात. वीज प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून रेग्युलेटर असतो. तो रोटरला मिळणारी वीज कमी-जास्त करतो.

आणि ते दोन छोटे ब्रश? फिरणाऱ्या रोटरपर्यंत ती थोडीशी वीज पोहोचवण्याचे काम तेच करतात. ते झिजले, वीज पोहोचली नाही, रोटर चुंबक बनला नाही. मग इंजिनाने त्याला कितीही फिरवले, तरी उपयोग नाही. फिरायला आधी चुंबक तर हवे! तो लाल दिवाही याच ब्रशांमार्फत जळतो, म्हणून तोही लागला नाही. टॅक्सीवाल्याने दोष बॅटरीला दिला होता. बॅटरी बिचारी निर्दोष होती.

मिस्त्री नवे ब्रश बसवतो, अल्टरनेटर जागेवर लावतो, पट्टा ताणून घेतो. काम झाले म्हणून तो लगेच पैसे मागत नाही. इंजिन सुरू करून तो पुन्हा मीटर लावतो. काटा चढत जाऊन १४ व्होल्टजवळ थांबतो. मोठे दिवे लावूनही काटा फारसा उतरत नाही. तेव्हा कोठे तो हात पुसतो.

मुलांनो, त्या मिस्त्रीने कदाचित फॅरडे यांचे नाव ऐकले नसेल. पण त्याचे काम त्यांच्याच वाटेवरचे आहे. तुम्हीही कोणावर दोष ठेवण्यापूर्वी आधी तपासून पाहा. यंत्राच्या बाबतीत हे जितके खरे, तितकेच माणसाच्या बाबतीतही खरे आहे.

शब्दार्थ

उमेदवारी – काम शिकण्याचा काळ
सरस – चिकटवण्याचा पदार्थ
चळत – एकावर एक रचलेला ढीग
अढी – मनात राहिलेला राग
वेटोळे – तारेची गोल गुंडाळी
रोजनिशी – दररोजच्या घटना लिहिण्याची वही
दीपगृह – जहाजांना वाट दाखवणारा उंच दिवा
तेजाब – आम्ल
ऐकीव – स्वतः न पाहिलेली, फक्त ऐकलेली

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मायकेलचे वडील कोणते काम करत?
(आ) मायकेलला व्याख्यानासाठी शिलिंग कोणी दिले?
(इ) इंजिन चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट दिसायला हवेत?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कोलाडोनला वीज का दिसली नाही?
(आ) चोरीचा आरोप आल्यावर फॅरडे कसे वागले?
(इ) ब्रश झिजल्यामुळे बॅटरी का भरली नाही?

३. कारणे लिहा.
(अ) फॅरडे बर्फातून दीपगृहापर्यंत गेले, कारण ....
(आ) अल्टरनेटरमध्ये डायोड बसवतात, कारण ....

४. वाक्यात उपयोग करा.
कान देऊन ऐकणे, हात पसरणे, मनात घर करणे, दगा देणे.

५. उपक्रम : शिक्षकांसोबत जवळच्या गॅरेजला भेट द्या. अल्टरनेटरचे भाग पाहून त्यांची नावे लिहा. चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ हात नेऊ नका.